‘मोनीमस्क’ : एक नृत्यनाम आणि त्यामागील पॅरिश

१

नृत्याला एखाद्या गावाचे नाव असले म्हणजे ते नृत्य त्या गावीच उदयास आले असावे, असे अनुमान करण्याकडे मनाचा स्वाभाविक कल असतो. लोकसाहित्याच्या अभ्यासात तर स्थलनाम हा उगमाचा पुरावा म्हणून अनेकदा विशेष चिकित्सा न करता स्वीकारला जातो. वस्तुतः नाव कोणी दिले, ते कोणत्या निमित्ताने दिले आणि पुढे ते कोणाच्या मुखी कसे बदलत गेले, या तीन गोष्टींचा उलगडा झाल्यावाचून नुसत्या नावावरून फारसे काही सिद्ध होत नाही. स्कॉटलंडमधील ‘मोनीमस्क’ या नृत्याचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक ठरावे.

मोनीमस्क हे ॲबर्डीन शहराच्या वायव्येस सुमारे ३० किलोमीटरांवर, डॉन नदीच्या काठी वसलेले एक लहानसे गाव व त्याभोवतीचे पॅरिश होय. नदीपलीकडे बेनॅखीची डोंगररांग दिसते. या गावाचे नाव धारण करणारे नृत्य आज स्कॉटलंडमध्ये नाचले जाते, आणि अटलांटिकपलीकडे न्यू इंग्लंडमध्येही किंचित निराळ्या नावाने व निराळ्या स्वरूपात ते टिकून आहे. हे नृत्य मोनीमस्कच्या शेतकऱ्यांनी निर्माण केले काय, या प्रश्नाचे उत्तर शोधू जाता जे हाती येते ते एका जमीनदाराचे, एका फिडलवादकाचे आणि लंडनच्या एका प्रकाशकाचे नाव. शेतकरी या नामावलीत कोठेच नाहीत. ते का नाहीत, आणि तरीही नाव गावाचेच कसे उरले, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२

प्रथम नावाचा विचार करू. मध्ययुगीन लॅटिन कागदपत्रांत ते ‘मुनिमुस्क’ अशा रूपात येते. नाव गेलिक भाषेतील आहे. त्याच्या पूर्वपदाविषयी दोन मते संभवतात : ‘मोन्ये’ म्हणजे पीटची दलदल, किंवा ‘मोनघ’ म्हणजे माळरान अथवा डोंगराळ भूमी. उत्तरपदात चिखलट किंवा ओंगळ असा अर्थ सामान्यतः मानला जातो. कोणतेही मत स्वीकारले तरी नावात भूमीचे वर्णन आहे, आणि ते गौरवपर नाही, एवढे निश्चित.

येथे एक भाषिक वस्तुस्थिती ध्यानात ठेवावयास हवी. ॲबर्डीनशरच्या सखल भागातून गेलिक मध्ययुगाच्या उत्तरार्धातच पश्चिमेकडे हटत गेली व तिची जागा स्कॉट्स भाषेने घेतली. अठराव्या शतकातील मोनीमस्कचा शेतकरी स्कॉट्सची ईशान्येकडील बोली बोलत होता. अर्थात आपल्या गावाच्या नावाचा अर्थ त्यालाही सहज कळत नव्हता. नाव अर्थशून्य होणे ही क्रिया नृत्याबरोबर परदेशी गेल्यावर सुरू झाली असे नाही. तिचा आरंभ प्रत्यक्ष गावातच झाला होता. स्थलनाम ज्या भाषेतून येते ती भाषा मागे पडली की नाव उरते व वर्णन लोपते, या सर्वपरिचित नियमाचेच हे एक उदाहरण.

पॅरिश म्हणजे मूळ अर्थाने एका चर्चच्या कक्षेतील प्रदेश. परंतु स्कॉटलंडमध्ये, विशेषतः १५६० च्या धर्मसुधारणेनंतर, पॅरिश हे ग्रामीण जीवनाचे सर्वांगीण एकक बनले. उपासना, शाळा, गोरगरिबांचे साहाय्य आणि नीतिनियमन या सर्वांची व्यवस्था पॅरिशमधून होत असे. धर्मोपदेशक व वडीलधारे यांची ‘कर्क सेशन’ ही सभा लोकांच्या आचरणावर देखरेख ठेवी. धर्मोपदेशकाचे वेतन, चर्चची इमारत आणि शाळा यांचा भार पॅरिशमधील जमीनदारांवर असे. १८७२ च्या शिक्षणविषयक कायद्याने शाळा पॅरिशकडून निघून निर्वाचित मंडळांकडे गेल्या, आणि १९२९ च्या कायद्यान्वये पुढील वर्षी पॅरिश कौन्सिलेही रद्द झाली. अठराव्या शतकात मात्र ही व्यवस्था पूर्ण प्रभावी होती, आणि जेथे जमीनदार एकच व प्रबळ असे तेथे पॅरिश व जहागीर यांतील भेद व्यवहारात पुसट होई. मोनीमस्क हे असेच एक पॅरिश होते.

या ठिकाणची धर्मपरंपरा प्राचीन आहे. आरंभी तेथे ‘कल्डी’ या जुन्या केल्टिक परंपरेतील साधूंचा समुदाय होता. तेराव्या शतकात त्याचे ऑगस्टिनियन मठात रूपांतर झाले. बाराव्या शतकात बांधलेले सेंट मेरीचे चर्च अद्याप उभे आहे. धर्मसुधारणेच्या काळात मठाची जमीन फोर्ब्स घराण्याकडे गेली, आणि अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात फोर्ब्स घराण्याकडून ती सर फ्रान्सिस ग्रँट या न्यायाधीशाने विकत घेतली. नृत्यनामाचा इतिहास खऱ्या अर्थाने या खरेदीपासून सुरू होतो.

३

सर फ्रान्सिसचा पुत्र सर आर्चिबाल्ड ग्रँट (१६९६–१७७८) याचे चरित्र दोन भागांत विभागलेले दिसते. १७२२ मध्ये तो ॲबर्डीनशरचा प्रतिनिधी म्हणून पार्लमेंटमध्ये गेला. लंडनमध्ये तो ‘चॅरिटेबल कॉर्पोरेशन’ या संस्थेच्या कारभारात शिरला. कष्टाळू गरिबांना तारणावर अल्प रकमा कर्जाऊ देणे हा या संस्थेचा घोषित हेतू होता. परंतु संस्थेच्या काही संचालकांनी तिचा पैसा शेअर बाजारातील सट्ट्यात गुंतविला. अफरातफर उघडकीस आली आणि १७३२ मध्ये ग्रँटची पार्लमेंटमधून हकालपट्टी झाली. त्यानंतर तो आपल्या जहागिरीवर परतला, व उरलेले आयुष्य त्याने मुख्यतः भूमिसुधारणेस वाहिले.

जहागिरीची पूर्वस्थिती त्याने स्वतःच उत्तरायुष्यात लिहून ठेवली आहे. तिचा सारांश असा : १७१६ च्या सुमारास संपूर्ण जहागिरीत एक एकरही जमीन कुंपणाखाली नव्हती, स्वयंपाकघरासाठी राखलेल्या लहानशा बागेभोवतीची काही झाडे सोडली तर वृक्ष नव्हते, शेतातील उंच वरंबे इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखे वाकडे होते, त्यांत तण माजले होते आणि जमिनीचा कस गेला होता, रस्ते इतके वाईट की चाकांचे वाहन चालविणे अशक्य. हे वर्णन सुधारकाच्या लेखणीतून उतरलेले आहे, आणि सुधारकाला पूर्वस्थिती काळी रंगविण्यातच स्वारस्य असते, हे वाचकाने विसरू नये. तथापि स्कॉटलंडमधील जुन्या शेतीपद्धतीविषयी जी माहिती अन्यत्र मिळते तिच्याशी ते विसंगत नाही. काही कुटुंबे मिळून एक शेतवाडी कसत. घराजवळच्या जमिनीला सर्व खत मिळे व तीत सतत पीक घेतले जाई. दूरच्या जमिनीत काही वर्षे पीक काढून ती पडीक टाकीत. जमिनीच्या पट्ट्या एकमेकांत मिसळलेल्या असत. कुळांच्या हाताखाली ‘कॉटर’ असत. झोपडी आणि जमिनीचा लहानसा तुकडा यांच्या मोबदल्यात ते कुळांच्या शेतावर राबत.

ग्रँटने ही घडी मोडली. त्याने शेते एकत्र करून त्यांना कुंपणे घातली, फेरपालटाची पिके सुरू केली, सलगम व लागवडीचे गवत आणले, इंग्लंडमधून जाणती माणसे बोलावली आणि भाडेपट्ट्यांत सुधारणेच्या अटी घातल्या. वृक्षलागवडीचे त्याला वेड होते. त्याने लावलेल्या झाडांची संख्या कोटींच्या घरात सांगितली जाते. या सुधारणेने उत्पन्न वाढले, भूमीचे रूप पालटले, आणि ग्रँटचे नाव स्कॉटिश कृषीच्या इतिहासात कायम झाले. परंतु सुधारणेची दुसरी बाजूही आहे. वरंबे सरळ करणे, दगड वेचणे, कुंपणे घालणे ही कामे कुळांनी व मजुरांनी केली. जुन्या सामायिक शेतवाड्या मोडून एका हाती मोठी शेते जाण्याची प्रक्रिया स्कॉटलंडच्या सखल भागात सर्वत्र झाली, आणि तिच्यात कॉटरांचा वर्ग शतकअखेरपर्यंत बव्हंशी नाहीसा झाला. मोनीमस्कच्या नावाने जे नृत्य प्रसिद्ध आहे, ते या स्थित्यंतराच्या काळातील आहे.

४

या जहागिरदाराचे नाव संगीतात कसे आले, हे समजण्यासाठी तत्कालीन फिडलवादकाची स्थिती पाहावी लागते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्कॉटलंडमध्ये ‘रील’ व ‘स्ट्रॅथस्पे’ या नृत्यचालींच्या रचनेला बहर आला. रील ही जलद व सलग वाहणारी चाल. स्ट्रॅथस्पे ही तुलनेने संथ. तिच्यात अतिऱ्हस्व स्वरानंतर दीर्घ स्वर येऊन एक झटका निर्माण होतो. ‘स्ट्रॅथस्पे’ हे नावही मुळात स्पे नदीच्या खोऱ्याचे, आणि ते खोरे म्हणजे ग्रँट कुळाची भूमी.

या चालींचे रचनाकार बहुधा धंदेवाईक वादक होते. नील गो (१७२७–१८०७) हा उमरावांच्या नृत्यसभांत वाजवी; विल्यम मार्शल (१७४८–१८३३) हा गॉर्डनच्या ड्यूकच्या पदरी नोकरीस होता. चालींचे संग्रह छापावयाचे तर आगाऊ वर्गणीदार मिळविणे आवश्यक असे, आणि वर्गणीदार म्हणजे जमीनदार, त्यांच्या पत्नी व कन्या. त्यामुळे चालीला आश्रयदात्याचे नाव देणे ही रूढीच होती. नाव व चाल यांचा आंतरिक संबंध असावाच लागे असे नाही. मार्शलने ‘मिस ॲडमिरल गॉर्डन’ यांच्या नावे प्रसिद्ध केलेली चाल रॉबर्ट बर्न्सने आपल्या एका प्रेमगीतासाठी घेतली, आणि आज ती चाल सामान्यतः त्या गीताच्या नावानेच ओळखली जाते. यावरून नाव किती सहज सुटते हे दिसून येईल.

डॅनिएल डाउ (१७३२–१७८३) हा पर्थशरमध्ये जन्मलेला व एडिंबरोत व्यवसाय करणारा वादक. सुमारे १७७६ मध्ये त्याने सदतीस नव्या रील व स्ट्रॅथस्पे चालींचा संग्रह प्रसिद्ध केला. त्यात ‘सर आर्चिबाल्ड ग्रँट ऑफ मोनीमस्क यांची रील’ अशा शीर्षकाची एक चाल आहे. त्या वेळी सर आर्चिबाल्ड ऐंशीच्या घरात होता. दोन वर्षांनी तो निवर्तला. म्हणजे चालीचे रचनास्थान म्हणून मोनीमस्कचा निर्देश येथे नाहीच. शीर्षकातील मुख्य पद व्यक्तीचे आहे, आणि ‘मोनीमस्क’ हे त्या व्यक्तीचे केवळ विशेषण आहे.

पुढे शीर्षकाचा संक्षेप झाला व ‘मोनीमस्क’ एवढेच उरले. या संक्षेपाचा अर्थ वरवर दिसतो तसा सरळ नाही. स्कॉटलंडमध्ये जमीनदाराला त्याच्या जहागिरीच्या नावाने संबोधण्याची पद्धत होती. १७४५ च्या उठावातील डॉनल्ड कॅमेरॉन हा कॅमेरॉन ऑफ लोकील; त्याला लोक नुसते ‘लोकील’ म्हणत. मराठीतील ‘-कर’ प्रत्ययासारखे कोणतेही चिन्ह येथे लागत नाही. स्थलनाम जसेच्या तसे व्यक्तिनाम होते. तेव्हा डाउच्या समकालीनांनी चालीला ‘मोनीमस्क’ म्हटले असेल, तर त्यांच्या मनात गाव असण्यापेक्षा गावाचा धनी असण्याचा संभव अधिक. ज्यांना ही रूढी ठाऊक नव्हती, किंवा ज्यांना ग्रँटची माहिती नव्हती, त्यांनी त्याच शब्दात गाव पाहिले. शब्द बदलला नाही. त्याचा निर्देश बदलला. ‘मोनीमस्क हे एका गावाचे नृत्य’ हा समज अशा प्रकारे केवळ नामसंक्षेपातून उद्भवला.

५

चाल आणि नृत्य या दोन भिन्न वस्तू होत, हेही येथे स्पष्ट केले पाहिजे. कंट्री डान्स हा प्रकार मुळात इंग्लंडमधला. जॉन प्लेफर्डचा प्रसिद्ध नृत्यसंग्रह लंडनला १६५१ मध्ये निघाला. हा प्रकार स्कॉटलंडमध्ये रूढ झाला तो मुख्यतः अठराव्या शतकात, नगरांतील प्रतिष्ठितांच्या नृत्यसभांमधून; एडिंबरोची नृत्यसभा १७२३ पासून भरू लागली. चर्चचा नृत्याला असलेला विरोध जुना होता. स्त्रीपुरुषांच्या मिश्र नृत्याविरुद्ध स्कॉटलंडच्या चर्चच्या महासभेने १६४९ मध्ये निर्बंध घातला होता. अठराव्या शतकात हा विरोध सैलावत गेला, पण प्रथम सैलावला तो वरच्या वर्गापुरता.

‘मोनीमस्क’ या नावाचे नृत्य प्रेस्टन या लंडनच्या प्रकाशकाच्या १७८६ च्या संग्रहात आढळते. डाउच्या संग्रहानंतर अवघ्या दहा वर्षांत चाल लंडनला पोचली, जमीनदाराचे नाव गळाले आणि तिच्यावर नृत्य बसविले गेले. या नृत्यात पुरुषांची एक रांग व तिच्यासमोर स्त्रियांची दुसरी रांग असते. पहिली जोडी उजवा हात धरून फिरते, रांगेबाहेरून एक स्थान खाली उतरते व डावा हात धरून पुन्हा फिरते. मग तिघातिघांच्या ओळी समोरासमोर येऊन ताल धरतात, सहा जण वर्तुळाने फिरतात, आणि आकृती पूर्ण होऊन तीच जोडी खालच्या स्थानावरून पुन्हा आरंभ करते. १९२३ मध्ये ग्लासगो येथे जीन मिलिगन व इसोबेल स्टुअर्ट यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या, आणि पुढे ‘रॉयल’ ही उपाधी मिळालेल्या स्कॉटिश कंट्री डान्स सोसायटीने जुन्या छापील संग्रहांतून नृत्ये निवडून त्यांचे प्रमाणीकरण केले. सोसायटीच्या अकराव्या पुस्तकात ‘मोनीमस्क’ समाविष्ट आहे. म्हणजे स्कॉटलंडचे राष्ट्रीय नृत्य म्हणून जे आज शिकविले जाते, त्याचा छापील आधार लंडनचा आहे. डाउने जिला रील म्हटले ती चाल या नृत्यासाठी आज स्ट्रॅथस्पेच्या संथ गतीने वाजवितात, ही गोष्टही लक्षणीय आहे.

न्यू इंग्लंडमध्ये याच नृत्याने निराळे वळण घेतले. तेथे ते जलद गतीने नाचले जाते. आरंभीचा फेर, जोडीने खाली उतरणे आणि सहा जणांच्या ओळी ही मूळची अंगे तेथेही टिकली. परंतु स्कॉटिश नृत्य बत्तीस मात्राखंडांचे असताना न्यू इंग्लंडमध्ये ते चोवीस खंडांत बसविण्याची परंपरा रूढ झाली, व त्यामुळे नर्तकांना विसावा असा मिळतच नाही. नावही बदलले. ते ‘मनी मस्क’ असे दोन शब्दांत लिहू लागले. ‘मनी’ म्हणजे पैसा व ‘मस्क’ म्हणजे कस्तुरी.

लोकव्युत्पत्तीचे हे नमुनेदार उदाहरण आहे. अपरिचित ध्वनिसमूह कानावर पडला की भाषक त्याचे आपल्या परिचयाच्या शब्दांत विभाजन करतो. त्या शब्दांचा एकमेकांशी अन्वय लागतो की नाही याची त्याला फिकीर नसते. इंग्रजी ‘मस्क’ हा शब्द फ्रेंच, लॅटिन व ग्रीक यांमार्गे फारसी ‘मुश्क’पर्यंत मागे नेता येतो, आणि त्याचा संबंध सामान्यतः संस्कृत ‘मुष्क’ शब्दाशी जोडला जातो. ज्या नावात मुळात चिखल होता, त्यात पौर्वात्य व्यापाराचा सुगंध शिरला. पार्लमेंटमधून पैशाच्या अफरातफरीसाठी काढलेल्या गृहस्थाच्या नावात ‘पैसा’ प्रकट व्हावा हा निव्वळ योगायोग होय, आणि असे योगायोगच पुढे दंतकथांना जन्म देतात.

६

मोनीमस्कचे नाव केवळ नृत्यालाच मिळाले आहे असे नाही. एडिंबरोच्या राष्ट्रीय संग्रहालयात ‘मोनीमस्क मंजूषा’ नावाची आठव्या शतकातील एक लहान अवशेषपेटी आहे. लाकडी गाभ्यावर धातूचे पत्रे बसविलेली ही पेटी ग्रँट घराण्याकडे होती व १९३३ मध्ये ती राष्ट्रीय संग्रहासाठी विकत घेण्यात आली. सेंट कोलंबाची ‘ब्रेकबेनॉख’ म्हणून ओळखली जाणारी, १३१४ च्या बॅनकबर्नच्या रणभूमीवर नेली गेल्याचे मानली जाणारी वस्तू ती हीच, असे दीर्घकाळ समजत. परंतु २००१ मध्ये डेव्हिड कॉल्डवेल यांनी या समीकरणाविषयी सबळ शंका उपस्थित केली. मंजूषेच्या नावावरून ती कोठे जतन झाली ते समजते. ती कोठे घडली ते समजत नाही. जमैकाच्या क्लॅरेंडन विभागातही मोनीमस्क नावाचा ऊसमळा होता, व त्या नावाची रम आजही मिळते. जमैकातील मळ्यांना स्कॉटिश गावांची नावे स्कॉटिश मळेवाल्यांमुळे पडली, आणि १८३० च्या दशकात गुलामगिरी संपेपर्यंत तेथील ऊस आफ्रिकन गुलामांनी पिकविला. चाल, मंजूषा व मळा या तिन्ही ठिकाणी नावाचे कार्य एकच दिसते : ते उगम सांगत नाही, धनीपण सांगते.

याच्या उलट, मोनीमस्कच्या सामान्य लोकांनी प्रत्यक्ष ज्या संगीतात भाग घेतला त्याचा वृत्तांत वेगळा आहे. तत्कालीन स्कॉटिश चर्चमध्ये स्तोत्रगायन मोजक्या बारा चालींवर चाले. गायक-प्रमुख एकेक ओळ उच्चारी व मंडळी ती अतिविलंबित लयीत, जो तो आपापल्या परीने आळवीत म्हणत. १७५० च्या दशकाच्या मध्यास ग्रँटच्या प्रोत्साहनाने टॉमस चॅनन या इंग्रज सैनिकाने मोनीमस्कच्या मंडळींना तालबद्ध, चार स्वरांच्या मेळात गाण्याचे शिक्षण दिले. ही सुधारणा १७५५ मध्ये ॲबर्डीन नगरात पोचली व तेथून अन्यत्र पसरली; तिला विरोधही झाला. शेताचा वरंबा सरळ करणारा जमीनदार चर्चमधील गाणेही सरळ करू पाहत होता, आणि दोन्ही ठिकाणी श्रम पॅरिशच्या लोकांचे होते. मोनीमस्कमध्ये खरोखर घडलेली सांगीतिक घटना ही होय. परंतु संगीतेतिहासाच्या अभ्यासकांबाहेर ती आज कोणास ठाऊक नाही, आणि ज्या नृत्याशी त्या लोकांचा संबंध दाखविता येत नाही ते त्यांच्या गावाच्या नावाने जगभर चालते.

यावरून नृत्यनामे इतिहासाला निरुपयोगी ठरतात, असा अर्थ कोणी काढू नये. ‘मोनीमस्क’ हे नाव आश्रयदाते व कलावंत यांचे नाते, छापखान्याची गती, जमीनदाराला गावाच्या नावाने ओळखणारी समाजरचना आणि स्थलांतरितांच्या भाषेची रीत या चार गोष्टींचा विश्वसनीय पुरावा आहे. तो पुरावा मोनीमस्कच्या कुळांविषयी मात्र नाही. त्यांच्यासाठी अभ्यासकाने जहागिरीच्या दप्तराकडे वळावे. हेन्री हॅमिल्टन यांनी संपादित केलेले या दप्तरातील निवडक कागद १९४५ व १९४६ मध्ये दोन ग्रंथांत प्रसिद्ध झाले आहेत. भाडेपट्टे, खंडाच्या नोंदी, मजुरीचे हिशेब असे त्यांचे स्वरूप आहे. नृत्याच्या शीर्षकात ज्यांना स्थान मिळाले नाही त्यांचे जीवन या कोरड्या नोंदींतूनच जुळवावे लागते.